लायल व्हेस्टरबीचा दगड

एप्रिलमध्ये बर्फ पुरता वितळला की आर्लो व्हेस्टरबी सगळ्यात आधी पुढाऱ्यांच्या रांगेकडे जायचा. बेथनी दफनभूमीत पूर्वेच्या उंचवट्यावर अकरा पुढारी पुरलेले आहेत. एक खासदार, दोन सिनेटर, एक जण सहाच महिने उपराज्यपाल राहिलेला आणि बाकी सगळे आमदार. एवढ्याशा हॅडॉर्न काउंटीतून इतकी माणसं राजधानीपर्यंत पोचली, याचा आमच्या लोकांना एके काळी फार अभिमान होता. बेचाळीस वर्षं ही सगळी मंडळी आर्लोच्या ताब्यात होती. तो गवत कापायचा, कललेले दगड सरळ करायचा, नवे खड्डे खणायचा. "माझं ऐकणारे पुढारी एवढेच," असं तो शेतकऱ्यांच्या सोसायटीच्या धान्यकोठीवर सकाळच्या कॉफीला म्हणायचा. हसण्यावारी बोलायचे त्याचे दिवस होते ते.

या वर्षी रांगेतला अकरावा दगड पुन्हा पालथा पडलेला होता. सलग तिसऱ्यांदा.

हिवाळ्यात जमीन गोठून फुगते, तेव्हा जुने दगड कलतात, हे खरं. पण हा काळ्या ग्रॅनाइटचा, तीनच वर्षांपूर्वी बसवलेला, खाली काँक्रीटचा पाया. असा दगड आपोआप तोंडावर पडत नाही. पायाच्या मागच्या कडेला पहारेचा ताजा ओरखडा होता. आर्लोने त्यावरून अंगठा फिरवला, शेडमधून साखळी आणि कप्पी आणली, दगड इंचाइंचाने वर घेतला आणि उभा केला. तोंडावरचा चिखल ओल्या फडक्याने पुसला, तशी अक्षरं दिसू लागली. लायल ई. व्हेस्टरबी. आमदार, तीन वेळा.

लायल त्याचा थोरला भाऊ होता.

दोघं एकाच घरात, एकाच खोलीत वाढले. पण आर्लोला चार माणसांत बोलायचं म्हटलं की कानशिलं तापायची, आणि लायल गाईच्या धारा काढतानासुद्धा भाषण करायचा. पुढे तो मक्याचं बियाणं विकायला लागला. शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात बसून रुबार्बचा केक खात खात तो अशा गप्पा मारायचा, की मागच्या वर्षीचं बियाणं उगवलंच नाही हे त्या माणसाला लायल निघून गेल्यावर आठवायचं. निवडणुकीला उभा राहिला तेव्हा पहिल्या पाट्या आर्लोनेच रोवल्या. खड्डे खणायची सवय होतीच. काउंटीतल्या एकूण एक फाट्यावर पाटी लागली. लायल निवडून आला, पुन्हा आला, तिसऱ्यांदाही आला.

तिसऱ्या खेपेला हॉस्पिटलचा प्रश्न निघाला. आमचं हॉस्पिटल अठरा खाटांचं, पण काउंटीतलं प्रत्येक माणूस एक तर तिथे जन्मलं होतं, नाहीतर तिथे टाके घालून घेऊन आलं होतं. आर्लोची बायको मार्डेल तिथल्या स्वयंपाकघरात तेवीस वर्षं होती. लहान हॉस्पिटलं शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलला जोडायची, असा ठराव राजधानीत आला. लोक घाबरले. लायलने लुथरन चर्चच्या तळघरात सभा घेतली. बायकांनी खिमा-बटाट्याचे भाजलेले ट्रे आणले होते, खुर्च्या कमी पडल्या, माणसं भिंतींना टेकून उभी होती.

"दाराला कुलूप लागणार नाही," लायल म्हणाला. "दारावरची पाटी तेवढी बदलेल."

मागून वेंडेल प्रोहास्का उठला. बैलासारखा आडवा माणूस, उत्तरेकडे त्याची शेती. "शब्द देतोस?"

"दिला," लायल म्हणाला, आणि तळघर टाळ्यांनी भरून गेलं.

लायलने ठरावाच्या बाजूने मत दिलं. दीड वर्षात दाराला कुलूप लागलं. शेवटच्या दिवशी मार्डेल घरी आली, ती पिशवीत हॉस्पिटलचा सूप वाढायचा मोठा डाव घेऊन. "चोरी केली मी," ती म्हणाली. "तेवीस वर्षांत पहिली." आणि हसता हसता तिथेच ओट्याला धरून रडली.

दुसऱ्या वर्षीच्या फेब्रुवारीत नाश्त्याच्या टेबलावर तिचं तोंड वाकडं झालं, हातातला कप निसटला. जवळचं हॉस्पिटल आता बावन्न मैलांवर होतं आणि रस्त्यावर काचेसारखा बर्फ. रुग्णवाहिका सायकलच्या वेगाने चालली होती. एकविसाव्या मैलापाशी, दोन्हीकडे कापलेल्या मक्याचे नुसते खुंट उभे होते तिथे, मार्डेल गेली. आर्लो तिचा हात धरून बसला होता. गाडी थांबवायची की पुढे न्यायची, असं चालवणाऱ्याने विचारलं, तेव्हाही त्याने तो सोडला नाही.

अंत्यविधीला लायल आला होता. चर्चच्या दारात त्याने हात पुढे केला. आर्लो त्या हाताच्या बाजूने निघून गेला. त्यानंतर नऊ वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

पुढच्या निवडणुकीत लायल आपटला. असा आपटला, की स्वतःच्या वॉर्डातसुद्धा तिसरा आला. बायको आधीच वारलेली, मुलगी कॉरीन ॲरिझोनात. तो एकटाच गावात राहिला. रोज सकाळी कॅफेत यायचा, खिडकीजवळच्या टेबलावर बसायचा. त्या टेबलाला दुसरं कुणी बसत नसे. त्याच्यासमोरची मिठाची बाटली हवी असली, तरी लोक पलीकडच्या टेबलावरून मागून घ्यायचे. तरी तो येतच राहिला. हा कोडगेपणा की शिक्षा, हे आम्हाला कधी कळलं नाही.

मग त्याला कॅन्सर झाला. कॉरीनने आर्लोला फोन केला. "काका, ते फक्त तुमचंच नाव घेतायत."

आर्लो बावन्न मैल गाडी हाकत गेला. लायल पलंगात एवढासा झाला होता.

"आलास," लायल म्हणाला.

"कॉरीनने सांगितलं म्हणून आलो."

"नाहीतर आला नसतास."

"नसतो आलो."

लायलने नजर छताकडे वळवली. मग म्हणाला, "मला माहीत होतं, आर्लो."

"काय?"

"चर्चच्या तळघरात शब्द दिला ना, तेव्हा. कागद आधीच माझ्या हाताखालून गेले होते. बंद करायचा महिनासुद्धा ठरला होता."

आर्लो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. खाली गाड्या लावायची जागा होती, त्यात एक बाई पार्किंगच्या रेघांत गाडी नीट बसवायला पुन्हा पुन्हा मागे-पुढे करत होती.

"मग बोललास कशाला?"

"लोक टाळ्या वाजवायला लागले," लायल म्हणाला. "अशा टाळ्या वाजत असताना परत कसं फिरायचं, तू सांग. आणि मला समितीचं अध्यक्षपद देणार होते. म्हटलं, ते हातात आलं की काहीतरी करून घेऊ."

"आलं हातात?"

"नाही."

"हं."

"मार्डेलला मी—"

"तिचं नाव घेऊ नकोस."

लायल म्हणाला, "काहीतरी बोल रे. काहीही बोल."

आर्लो वळला. "पूर्वेच्या रांगेत दहाव्याच्या शेजारी जागा आहे. खड्डा मी खणीन."

"आणखी काही?"

"आणखी काही नाही."

चार दिवसांनी लायल गेला. मातीला नऊ माणसं होती, त्यातली चार अंत्यविधी करणाऱ्या दुकानाची. खड्डा आर्लोनेच खणला. कॉरीनने काळा दगड पाठवला, आणि "आमदार, तीन वेळा" हे शब्द तिनेच कोरून घेतले होते. लायलने पलंगावर जे सांगितलं, ते आर्लोने कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं कुणी घरात नव्हतंही.

यंदा दगड तिसऱ्यांदा उभा केल्यावर आठवड्याभरात आयोन केटेलकँप बाई दफनभूमीत आल्या. बाई शहाऐंशीच्या. आर्लोला त्यांनी चौथीत शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर जुन्या रेल्वे स्टेशनात त्यांनी काउंटीचं छोटं संग्रहालय मांडलं, आणि आता तिथल्या तीन म्हाताऱ्या मिळून एक पुस्तिका काढत होत्या. काउंटीतले पुढारी आणि त्यांच्या कबरी. मे महिन्यातल्या शेवटच्या सोमवारी, म्हणजे कबरींवर फुलं वाहायच्या मेमोरियल डेला, लोकांना रांगेपुढून फिरवायचं आणि एकेकाची माहिती वाचून दाखवायची, असा बेत होता. बाईंनी घडीची खुर्ची उघडली आणि खासदाराच्या थडग्याला पाठ टेकून बसल्या.

"दहा झाले," त्या म्हणाल्या. "अकरावा राहिलाय. दोन ओळी दे."

"त्याला वगळा, बाई."

"ही यादी आहे, आर्लो. चांगल्या वागणुकीचा दाखला नाही. हा चौथा, थॉर्नक्विस्ट, शाळेच्या जमिनी मेव्हण्याच्या घशात घातल्या याने. आहे ना यादीत? तो सहावा सभागृहात घोरायचा, पेपरात छापून आलं होतं. तोही आहे."

"असू देत."

"तुझ्या पुतणीने एक वाक्य पाठवलंय." बाईंनी पिशवीतून कागद काढला. "'आपल्या माणसांसाठी अखेरपर्यंत झटणारे.'" मग चष्म्याच्या वरून त्याच्याकडे पाहिलं. "छापू?"

आर्लो फावड्याच्या पात्यावरची माती नखाने काढत राहिला.

"चौथीतही तू असाच उभा राहायचास," बाई म्हणाल्या. "उत्तर यायचं तुला. तोंडातून काढायचा नाहीस."

"विचार करून सांगतो."

"लवकर कर. माझ्याकडे वेळ कुठाय?"

मेच्या मध्यावर, भर दुपारी, आर्लो जेवून परतला तर रांगेजवळ एक जुनी पिकअप उभी होती. वेंडेल प्रोहास्का लायलच्या दगडामागे पहार घालून जोर लावत होता. पंच्याहत्तरी उलटलेली, कपाळावरून घाम निथळत होता. लपण्याची त्याला काही गरज वाटत नव्हती.

"तू होतास होय," आर्लो म्हणाला.

"मग कोण असणार?" वेंडेल धापा टाकत म्हणाला. "हिवाळ्यात सोपं जातं. पाया सुटतो. या वर्षी तू सिमेंट जास्त घातलंस वाटतं."

"घातलं."

"बघ ना. धर एक बाजू. तुझा तर माझ्याहून जास्त हक्क आहे."

वेंडेलचा मुलगा क्लेट पश्चिमेच्या बाजूला पुरलेला आहे. हॉस्पिटल बंद झालं त्याच वर्षी, कापणीच्या दिवसांत, धान्य ओढणाऱ्या यंत्रात त्याची बाही सापडली. जुनं हॉस्पिटल त्यांच्या शेतापासून चार मैल होतं. क्लेट नव्या हॉस्पिटलच्या वाटेवर, बापाच्या मांडीवर गेला. त्याचा खड्डाही आर्लोनेच खणला होता.

"पुरे कर, वेंडेल. पाठीत काहीतरी धरेल तुझ्या."

"अरे, गाढवाला एवढा चकचकीत दगड कशाला?" वेंडेलने पहार टेकवली आणि श्वास घेतला. "गाढवच होता तो. राजधानीतल्या लोकांनी गुंडाळला त्याला. त्याला वाटलं पाटीच बदलणार, आणि आम्हाला येऊन तेच सांगितलं. गाढव नसता तर क्लेट आज माझ्या ट्रॅक्टरवर असता. मी इथे येतो, शिव्या घालतो आणि पाडतो. तू उभा करतोस. चालू दे आपलं."

त्या वेळी आर्लोने गप्प बसायला हवं होतं. हे त्याला नंतर कळलं. पण ती गोष्ट तीन वर्षं त्याच्या छातीत बसली होती, आणि समोरचा माणूस जगात एकटाच असा होता, की ज्याला ती ऐकायचा अधिकार होता. निदान आर्लोला तसं वाटलं.

"गाढव नव्हता तो," आर्लो म्हणाला. "त्याला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"सगळं. बंद करणार हे. महिनासुद्धा. मरताना त्याने मला सांगितलं. मी विचारलं, मग बोललास कशाला? तर म्हणाला, लोक टाळ्या वाजवायला लागले."

पहार वेंडेलच्या हातातून सुटून गवतात पडली. तो शेजारच्या कबरीच्या कडेवर बसला, आधी एक हात टेकून, मग हळूच.

"मी विचारलं होतं त्याला," तो म्हणाला. "शब्द देतोस का म्हणून."

"हो."

"पहिली टाळी माझी होती, आर्लो."

आर्लोला हे ठाऊक नव्हतं. तळघरात तो त्या दिवशी भांड्यांपाशी मार्डेलच्या मदतीला होता. तिथून टाळ्या नुसत्या ऐकू आल्या होत्या.

"पहिलीबिहिली काही नसते," तो घाईने म्हणाला. "सगळ्यांनीच वाजवल्या."

"नाही. आधी मी वाजवली. मग बाकीच्यांनी." वेंडेल उठला. गुडघे झाडले, मातीही लागली नव्हती तरी. पिकअपकडे गेला आणि निघून गेला. पहार तिथेच राहिली. आर्लोने ती दोनदा त्याच्या फाटकापर्यंत नेली आणि दोनदा तशीच परत आणली.

मेमोरियल डेला चौदा माणसं जमली. त्यातली पाच पर्यटक होती, हायवेवरची पाटी बघून वळलेली. बाईंनी छोट्या ध्वनिक्षेपकावरून एकेक वाचलं. खासदाराच्या थडग्याचे लोकांनी फोटो काढले. घोरणाऱ्या सिनेटरला हशा मिळाला. अकराव्यापाशी बाईंनी आर्लोने दिलेल्या ओळी वाचल्या. आदल्याच दिवशी त्याने त्या एका पावतीच्या पाठीवर लिहून दिल्या होत्या. "लायल व्हेस्टरबी. तीन वेळा आमदार. काउंटीचं हॉस्पिटल बंद होणार हे माहीत असून होणार नाही असं सांगितलं."

सोसायटीचा म्हातारा मॅनेजर आपल्या बुटांकडे बघत होता. मग पर्यटकांतल्या एकीने विचारलं, की इथे टॉयलेट कुठे आहे. बाईंनी शेडकडे हात केला आणि वही मिटली.

आर्लोला वाटलं होतं, आता कुणीतरी ओरडेल, कुणी त्याला मारायला धावेल, निदान विचारेल तरी. सोमवार गेला, मंगळवार गेला. कॉफीला हवेच्या आणि सोयाबीनच्या भावाच्या गप्पा झाल्या. वेंडेलची खुर्ची रिकामी होती. "त्याचं पोट बिघडलंय म्हणे," कुणीतरी म्हणालं. कॉरीनने तेवढा फोन केला. "काका, हे तुम्ही केलंत?" आर्लो हो म्हणाला. तिने फोन ठेवला आणि नंतर कधी केला नाही.

ऑगस्टमध्ये वेंडेल खुर्चीत बसल्या बसल्या गेला. आर्लोने क्लेटच्या शेजारी खड्डा खणला. माती कोरडी आणि कडक होती, दोन दिवस लागले. विधी झाल्यावर हॅम सँडविचची ताटं फिरत असताना वेंडेलची बायको लुव्हर्न त्याच्याजवळ आली. तिने त्याची बाही धरली.

"मे महिन्यापासून याने बोलणं टाकलं होतं," ती म्हणाली. "शिव्यासुद्धा देईना. पहिल्यांदाच इतका शांत झाला, म्हणून आधी मला बरं वाटलं. मग भीती वाटायला लागली. खुर्चीत बसून नुसता स्वतःच्या हातांकडे बघायचा. तुला काही बोलला होता का रे?"

आर्लोने तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. नुसतं विचारायचं म्हणून ती विचारत होती.

"नाही," आर्लो म्हणाला. "मला काही बोलला नाही."

तिने मान हलवली आणि त्याच्या हातात सँडविच ठेवलं. ते त्याने खाल्लंसुद्धा.

सप्टेंबरात बाईंना त्यांच्या भाचीने शहरातल्या वृद्धाश्रमात नेलं. संग्रहालयाला कुलूप लागलं. उरलेल्या पुस्तिका आत खोक्यातच राहिल्या. त्याच महिन्यात गावाच्या पंचायतीने दफनभूमीची देखभाल बाहेरच्या एका ठेकेदाराला दिली. निरोपाला आर्लोसाठी केक आणला होता. ठेकेदाराची माणसं महिन्यातून दोनदा येतात, मोठ्या यंत्रावर बसून अर्ध्या तासात सगळं कापून जातात आणि कोपऱ्यांवरच्या जुन्या दगडांचे टवके उडवतात. आर्लो एकदा सांगायला गेला. यंत्रावरच्या माणसाच्या कानांवर आवाज अडवणाऱ्या टोप्या होत्या; त्या माणसाने हसून हात हलवला.

ऑक्टोबरात एक मुलगी दारात आली. तिशीची, मारिट हॉफ्सलंड नावाची, शेजारच्या काउंटीत नर्स होती. आमदारकीला उभी होती. हातात पत्रकं, बुटांना चिखल. पायी फिरत होती हे दिसत होतं.

"मिस्टर व्हेस्टरबी, मला इथे निदान दवाखाना परत आणायचाय," ती म्हणाली. "आठवड्यातले चार दिवस तरी. रुग्णवाहिका इथेच उभी राहील. मी शब्द—"

"शब्द नको देऊस."

ती थबकली. "का?"

"मतं माग. मतं मागायला काही हरकत नाही. शब्द नको देऊस."

ती गोंधळून हसली. "पण मी खरंच करणार आहे."

तिला खरंच वाटत होतं, हे त्याला दिसलं. लायललाही पहिल्या निवडणुकीत असंच वाटत होतं. पाट्या रोवताना आर्लोने ते त्याच्या तोंडावर पाहिलं होतं. त्याने पत्रक घेतलं, तिला पाणी हवं का विचारलं, आणि ती पुढच्या घराकडे जाईपर्यंत दारात उभा राहिला. पुढचं घर दोन वर्षांपासून रिकामं होतं. ते तिला सांगायचं राहून गेलं.

मतदान अग्निशमन केंद्रात होतं. आर्लो रांगेत उभा राहिला, मतांचा कागद घेतला, आडोशाला गेला. नावं वाचली. पेन उचललं आणि बराच वेळ तसंच धरून राहिला. शेवटी कागद कोराच यंत्रात सरकवला. यंत्राने तो घेतला. टेबलावरच्या बाईने हसून त्याच्या खिशावर "मी मत दिलं" असा गोल कागद चिकटवला.

बाहेर वारा सुटला होता. कापणी झाली होती आणि शेतं क्षितिजापर्यंत उघडी पडली होती. आर्लो गाडीत बसला, पण चावी फिरवली नाही. दफनभूमीत त्याचं आता काही काम नव्हतं आणि घरी कुणी नव्हतं. कुठे जावं हे त्याला सुचेना. मागे कुणाला तरी गाडी लावायला तीच जागा हवी होती. हॉर्न वाजला, मग पुन्हा वाजला, तेव्हा कुठे त्याने गाडी काढली.